ऑटो हाय बीमवाल्यांनो, कोकणात शिरताना तो खटका बंद करा

सड्यावरचा:
परवा इथेच एका गृहस्थांनी नव्या गाडीची पोस्ट टाकली. पनवेल ते मालवण रात्रभरात एकदाही डिपरला हात लावला नाही, समोर दिवा दिसला की अप्पर (लांबचा झोत) उतरवून डिपर (खालचा झोत) गाडीच लावते, म्हणून कोकणात जाणाऱ्या प्रत्येकाने ऑटो हाय बीम असलेलीच गाडी घ्यावी, असा सल्ला. खाली अंगठ्यांचा पाऊस. समोरून येणाऱ्याची रात्र कशी गेली, हे कोणी विचारलं नाही.

माझी सांगतो. गेल्या श्रावणात बाईकवरून गणपतीपुळ्याहून आरे-वारेमार्गे रत्नागिरीला येत होतो. साडेनऊचा सुमार, पाऊस नुकताच थांबलेला. वळणापलीकडून मोठी गाडी येतेय हे ती दिसायच्या आधीच कळलं होतं, कारण दरडीवर उजेड सरकत होता. मी डिपर केला. गाडी वळली आणि अख्खा अप्पर डोळ्यांत. दोन-तीन सेकंद पांढऱ्याशिवाय काही दिसेना. मग लाईट आपणहून खाली, अगदी शहाण्या बाळासारखा. तोवर माझं पुढचं चाक डांबर सोडून खडीत. डावीकडे गटार होतं म्हणून गुडघ्यावर निभावलं. उजवीकडे कडा आणि खाली समुद्र, हे आरे-वारे बघितलेल्यांना सांगायला नको.

काचेमागचा कॅमेरा दिवा शोधतो. दिवा समोर उगवला की मग ठरवतो. माणसाला दिव्याची चाहूल आधी लागते: माडाच्या शेंड्यावर, दरडीवर, ओल्या डांबरावर. दिवा बघून, विचार करून, मग खाली व्हायला आमच्याकडे सरळ रस्ता आहे कुठे?

ठाणे_ते_तळकोकण:
ती पोस्ट माझीच. गुडघ्याचं ऐकून वाईट वाटलं, खरंच. पण माणसं चाहूल घेऊन डिपर करतात हे कुठल्या कोकणात? गेल्या महिन्यात हातखंबा ते कुडाळ निम्म्याहून जास्त गाड्या अप्परवर होत्या. टेम्पो, डंपर, जुन्या जीपा. त्यातल्या एकीतही कॅमेरा नसणार. मी डिपर मारून मारून थकायचो, आता गाडी निदान माझ्या बाजूने सभ्यपणे वागते. शिवाय माझ्या गाडीत चाळीसच्या खाली अप्पर लागतच नाही. घाटात वळणावर चाळीसच्या वर असाल तर दोष कॅमेऱ्याचा नाही.

सड्यावरचा:
वळणावर चाळीसच्या वर मी नव्हतो. तो होता.

दहाचाकी:
मी सव्वीस वर्षं ट्रकवर आहे, मला बोलू द्या. चौपदरी महामार्गावर दुभाजकात कण्हेर लावलीय. कारच्या कॅमेऱ्याला माझे दिवे कण्हेरीमागे दिसत नाहीत, म्हणून तो अप्पर सोडतो. मी केबिनमध्ये कण्हेरीच्या वर बसलेला. त्याच्या हिशेबी रस्ता रिकामा आणि माझ्या डोळ्यांत सूर्य. रात्री डिपर वापरा हे आमच्या गाड्यांच्या मागे लिहिलेलं असतं, वाचतात मात्र कारवाले, फोटो काढायला.

आणि डंपरवाल्यांना शिव्या देण्याआधी आपल्या डिकीत बघा. मागे तीन माणसं, तांदळाचं पोतं, नारळ, गणपतीचं सामान. गाडी मागे बसते, नाक वर होतं, मग डिपरसुद्धा अप्परसारखा लागतो. स्टिअरिंगच्या बाजूला शून्य ते तीन आकड्यांचं छोटं चाक असतं. ओझं वाढलं की झोत खाली आणायला ते असतं. कशाला दिलंय हे दहा कारवाल्यांना विचारा, नऊ जण एसीचं सांगतील.

ठाणे_ते_तळकोकण:
चाकाचं मान्य. आत्ता खाली जाऊन बघून आलो. शून्यावर होतं. खूश?

नियमावली:
केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, नियम १०६. आठ मीटरवर, दीड मीटर उंचीवर डोळा असलेल्या माणसाला दिपवणारा झोत चालत नाही. दंड मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली, पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत, पुढच्या वेळी १५०० पर्यंत.

सड्यावरचा:
आरे-वारेला रात्री साडेनऊला टेप घेऊन कोण उभा राहणार, तुम्ही?

पावसकर_नाही_पावसचा:
पण हे सरकारनेच सक्तीचं केलंय ना? माझ्या स्कूटरचा लाईट बंदच होत नाही.

नियमावली:
ते वेगळं हो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट इंजिनाबरोबर चालू राहतो, दिवसाही. त्याचा अप्पर-डिपर तुमच्याच अंगठ्याखाली आहे.

पावसकर_नाही_पावसचा:
बरं. तरी रस्त्यावरचा प्रत्येक जण हाताची चोच उघडमीट करून "लाईट चालू आहे" सांगतो. किती जणांना थांबवून समजावू?

ठाणे_ते_तळकोकण:
मुद्द्यावर येऊ. अप्पर नको म्हणता, मग रस्त्यावर बसलेली गुरं कशी दिसणार? ओरोसच्या अलीकडे डांबरावर काळ्या म्हशी बसल्या होत्या, अप्पर नसता तर मी आज इथे लिहीत नसतो. कॅमेरा गुरं ओळखत नाही हे मलाही माहीत आहे. पण समोर दिवे नसतील तर तो अप्पर चालू ठेवतो, आणि म्हशी मला दिसतात. आधी गुरं आवरा, मग आमचे लाईट बघा.

कुडाळची_वैनी:
आवरा म्हणे! पावसात शेतात चिखल, गोठ्यात गळती, ढोरां बसतली खंय? डांबर सुका आसता, ऊब आसता, वारो लागलो की माशयो लागनत नाय. ढोराक कळता ता तुमका कळना नाय. रस्तो आधी ढोरांचो होतो, मगे तुमी चौपदरी केलास.

सड्यावरचा:
वैनी, हे मात्र नाही पटलं. आमच्या लहानपणी भात कापून झालं की गुरं उनाड सुटायची, पण ती सड्यावर, म्हणजे वरच्या कातळ माळावर, महामार्गावर नाही. आणि पावसाळ्यात राखणा असायचाच. दुसऱ्याच्या शेतात शिरली तर कोंडवाडा. आज कोंडवाडा किती गावांत उरलाय?

कुडाळची_वैनी:
राखणो खंयसून हाडू? झील ठाण्याक. ह्या मगाशच्या गाडयेवाल्यासारखो. शेत पड, ढोरां म्हातारी, दूध नाय. इकूक गेलंय तर कोण घेना नाय. बांधून घालूचा तर वैरण इकत. तुमी बोला, मी ऐकतंय.

दहाचाकी:
वैनीचं खरं आहे. पण वैनी, दोन वर्षांमागे पहाटे तीनला माझ्यापुढे गाय आली. ब्रेक दाबला, मागचा माल सरकला, गाय नाही वाचली. शिंगाला लाल रिबन होती, म्हणजे कुणीतरी पाडव्याला ओवाळली होती. मालक शोधत सकाळपर्यंत थांबलो. कोणी आलं नाही. शिंगाला चमकणारी पट्टी लावायला वीस रुपयेसुद्धा लागत नाहीत.

कुडाळची_वैनी:
पट्टी आमी लायतो. पावसात सुटता.

ठाणे_ते_तळकोकण:
मी इथे लाईटबद्दल बोलायला आलो होतो. आता माझ्या आईला गुरं का विकलीस ते विचारायचं राहिलंय फक्त.

सड्यावरचा:
विचारा. उत्तर वैनींसारखंच मिळेल.

मॅट्रिक्स_मिहीर:
सगळ्यांचंच अर्धं बरोबर. युरोपात कधीपासून असे हेडलाईट आहेत जे अप्पर चालू ठेवून समोरच्या गाडीपुरताच अंधार कापतात. अमेरिकेने २०२२ मध्ये परवानगी दिली. ते सगळ्या गाड्यांत आले की वाद संपला.

सड्यावरचा:
मिहीरराव, आमच्या पट्ट्यात अजून एसटीचा एक दिवा पिवळा आणि एक पांढरा असतो. तुमचं येईपर्यंत माझ्या गुडघ्याची वाटी बदलून होईल.

दहाचाकी:
आणि तो अंधार कापायलाही आधी समोरचा दिसावा लागतो. कण्हेरीमागचा मी त्यालाही दिसणार नाही.

ठाणे_ते_तळकोकण:
ठीक आहे. कशेडीच्या बोगद्यापासून चौपदरीवर मी ते चालूच ठेवणार, तिथे मला ते बरं पडतं. कण्हेर दिसली की दहाचाकींची आठवण काढेन. आरे-वारे, आंबा घाट, गावचे रस्ते, इथे हाताने. एवढ्यावर मिटवा.

सड्यावरचा:
मिटलं असतं. पण तुमच्या पोस्टखाली तो सल्ला "प्रत्येकाने" म्हणून अजून तसाच आहे.

ठाणे_ते_तळकोकण:
बदलतो. आता एक सांगा, हे बंद कुठून होतं? दांडी पुढे ढकलली की निळ्या दिव्याशेजारी "ए" उमटतो, मागे ओढली की क्षणभर अप्पर लागून परत "ए". शोरूमवाल्याने चावी देताना पेढा दिला, हे नाही सांगितलं.

दहाचाकी:
दांडीच्या टोकाचं चाक ऑटोवरून एक घर पुढे फिरवा. काही गाड्यांत स्क्रीनच्या सेटिंगमध्ये असतं. गाडी उभी करून बघा, चालवताना नको.

ठाणे_ते_तळकोकण:
गाडी उभीच आहे. बायको डिकीतून नारळ काढतेय आणि हसतेय.