सोसायटी ग्रुप: रविवारी कान्हेरीपर्यंत पायी

सांस्कृतिक समिती: मंडळी, येत्या रविवारी बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात मुख्य गेटपासून कान्हेरी लेण्यांपर्यंत चालत जायचं ठरतंय. ६-७ किलोमीटर डांबरी रस्ता, शेवटी चढ. येणाऱ्यांनी नावं टाका.

बी-२०४: आतून बस जाते ना? मग चालायचं कशाला?

सी-३०१ (काका): तुमच्या आईंना बसनेच आणा, त्यांचे गुडघे मला माहीत आहेत. पण तुम्ही चालत या, हे माझं आग्रहाचं सांगणं. बसमधून उतरून थेट लेणं पाहिलं की ते नुसतं 'पॉइंट' होतं. दहिसर नदीच्या काठाने, झाडीतून घाम गाळत वर आलं की कळतं, बौद्ध भिक्षूंनी ही जागा का निवडली. सोपारा आणि कल्याणच्या बाजारपेठा आवाक्यात, तरी गजबजाट दूर.

ए-४०२: काका, १०९ लेणी आहेत म्हणे. एका दिवसात कशी होणार?

सी-३०१ (काका): सगळी करूच नका. ३ नंबरच्या चैत्यापाशी, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहापाशी, निवांत थांबा. सगळे व्हरांड्यातल्या सुमारे ७ मीटर उंच बुद्धमूर्तींपाशी फोटो काढतात आणि आत पळतात. त्याआधी दर्शनी भिंतीवरची दाम्पत्यं बघा. दुसऱ्या शतकात, सातवाहनांच्या काळात कोरलेली. पुरुषांची मुंडाशी, बायकांच्या पायातले जाड वाळे, कमरेवरचा हात, सगळं सकाळच्या तिरप्या उन्हात उठून दिसतं. आत काही खांबांच्या माथ्यावर हत्ती आणि माणसं कोरलीत, काही खांब नुसतेच अष्टकोनी राहिलेत. मला ते अर्धवट खांब जास्त आवडतात. काम कसकसं पुढे जात होतं ते तिथे दिसतं.

ए-४०२: आणि ४१ नंबर? अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, तो करुणेचा बोधिसत्त्व, तिथेच ना?

सी-३०१ (काका): हो, तिथेच. पाय साथ देत असतील तर जरूर जा.

डी-१०१ (ताई): मुलं कंटाळतील का हो काका?

सी-३०१ (काका): नाही कंटाळणार. त्यांना पाण्याच्या मागावर सोडा. कातळात बोटभर-वीतभर रुंदीच्या पन्हळी खोदल्यात. पावसाचं पाणी त्यातून विहारालगतच्या (भिक्षूंच्या निवासालगतच्या) पोढीत, म्हणजे टाक्यात उतरतं. एक पन्हळ धरून मुलांना टाक्यापर्यंत जाऊ द्या. फक्त काठाशी मोठं माणूस हवं. आणि एक कळकळीची विनंती: मूर्तींना हात लावू नका, टेकून फोटो नकोत. दगडावर नावं खरवडलेली पाहिली की जीव तुटतो.

बी-५०३ (काकू): खाऊ हातात धरू नका, माकडं ओढून नेतात. प्लास्टिकच्या पिशव्या नकोतच. मी थालीपीठ आणि लसणीची चटणी डब्यातून आणते.

सांस्कृतिक समिती: लेण्यांचं तिकीट उद्यानाच्या तिकिटापेक्षा वेगळं आहे, दोन्हींचे पैसे ठेवा. सोमवारी सुट्टी असलेल्यांनी दिवस बदलायला सांगू नये, सोमवारी उद्यान बंद असतं. अंधाराआत खाली यायचं. बिबट्याचं जंगल आहे, कोणीही एकटं मागे रेंगाळायचं नाही.

बी-२०४: दोन नावं घ्या. आई बसने येईल, तिच्यासोबत काकू असतील तर मी चालत येतो.

बी-५०३ (काकू): आहे मी. डबेही बसमधूनच नेऊ.