४० लाखांची सूट राज्याच्या हद्दीपुरतीच

वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नंबर लागत नाही, असं घरून ऑनलाइन माल विकणाऱ्यांना सर्रास सांगितलं जातं. अर्धंच खरं. ऑनलाइन पोर्टलवर माल विकणाऱ्याला आधी पहिल्या रुपयापासून नंबर घ्यावा लागायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून सूट मिळाली, पण माल आपल्याच राज्यात विकायचा या अटीवर, आणि त्यासाठीसुद्धा पॅन देऊन नावनोंदणी क्रमांक (हा जीएसटी नंबरपेक्षा वेगळा) काढावा लागतो. खान्देशात ही अट फार जाचते. माझी वहिनी रावेरला केळीचे वेफर्स करते. जीएसटी नंबर नसताना तिचं पार्सल कोल्हापूरला जाऊ शकतं, पण जळगावपेक्षा जवळ असलेल्या बुऱ्हाणपूरला नाही, कारण ते मध्य प्रदेशात. नवापूरवाल्यांना गुजरातचं तेच. सीमेवरच्या बायकांच्या छोट्या धंद्यांसाठी हा नियम बदलायलाच हवा, असं मला मनापासून वाटतं.

इन्कम टॅक्स वेगळा, आणि तिथे 'खात्यात जमा झालं तेवढीच विक्री' हा हिशेब चालत नाही. पोर्टल कमिशन आणि कुरियर कापून पैसे पाठवतं. उलाढाल मात्र कापण्याआधीची धरायची, कमिशन खर्चात दाखवायचं. टीडीएससुद्धा (पैसे देतानाच कापला जाणारा इन्कम टॅक्स, ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्का) त्या पूर्ण रकमेवरच कापला जातो आणि तोच आकडा इन्कम टॅक्स खात्याकडे पोचतो. त्यामुळे सीएकडे जाताना नुसतं पासबुक नेऊ नका, पोर्टलवरचे महिन्याचे सेटलमेंट रिपोर्टही (विक्री किती, कापलं किती, पाठवलं किती याचा हिशेब) काढून न्या.