फोल्डर बनवताना ०७७७ ठोकणं बंद करा

जळगाव (धागा सुरू करणारा):
रावेर-यावल पट्ट्यात केळी खरेदी करणाऱ्या एका व्यापाऱ्याच्या वेबसाइटचा पीएचपी कोड तपासायला आला. शेतकऱ्याची नोंदणी झाली की त्याच्या नावाचं फोल्डर बनतं, त्यात सातबारा, आधार आणि पासबुकाचे फोटो पडतात. फोल्डर बनवताना मोड (परवानगीचा आकडा) दिलाय ०७७७, आणि खालच्याच ओळीत पुन्हा सीएचमॉड (परवानगी बदलायची आज्ञा) ०७७७. शेवटचे तीन अंक मालक, ग्रुप आणि इतर यांचे; ४ वाचणं, २ लिहिणं, १ फोल्डरमध्ये शिरणं किंवा फाइल चालवणं, सगळं मिळून ७. अशा फोल्डरमध्ये सर्व्हरवरचा कुठलाही यूजर शिरतो. फाइल त्याची नसली तरी ती उडवून त्याच नावाची दुसरी ठेवू शकतो, कारण फाइल पुसायची मुभा फोल्डरच्या परवानगीवर ठरते, फाइलच्या नाही. म्हणजे पासबुक बदललं, पैसे भलत्याच खात्यात! माझ्या मते अशा कागदपत्रांना ०७००, फार तर ०७५०. ०७७७ कुठेच नको.

धुळे:
भो, सर्व्हर त्या व्यापाऱ्याचा एकट्याचा. त्यावर दुसरं आहे कोण? एफटीपीचा (फाइली चढवायच्या सोयीचा) यूजर वेगळा, पीएचपीचा वेगळा, रात्रीचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) तिसऱ्याच यूजरने चालतो. केळीच्या गाड्या भरत असताना 'परमिशन डिनाइड' आलं की फोन मला येतो. सगळ्यांना चालेल असा आकडा एकच आहे. आणि पीएचपीचा स्वतःचा डिफॉल्टही ०७७७च आहे की.

जळगाव:
डिफॉल्ट ०७७७ ठेवलाय तो पुढे यूमास्क (नवीन फाइल-फोल्डरमधून कोणते हक्क वगळायचे ते सांगणारा आकडा) त्यातले हक्क काढून घेणार हे धरूनच. यूमास्क ०२२ असला की हातात ०७५५ येतं. पायथन आणि नोडमध्येही हेच. सीएचमॉड मात्र यूमास्कला विचारत नाही, म्हणून ती खालची ओळ घातक. आणि 'दुसरं कोण' म्हणाल तर डेटाबेस, मेल, बॅकअप, प्रत्येकाचा स्वतंत्र यूजर असतो. त्यातली एक सेवा फुटली तर बाकीच्यांना हात लागू नये, एवढ्यासाठीच ते वेगळे ठेवलेत.

भुसावळ:
तुम्ही दोघं आकड्यावर भांडताय, घोळ मालकीचा आहे. तिन्ही यूजर एका ग्रुपमध्ये घाला आणि वरच्या फोल्डरला ०२७७० द्या. त्या पुढच्या २ मुळे (सेटजीआयडी) आत बनणाऱ्या प्रत्येक फाइल-फोल्डरला तोच ग्रुप आपोआप लागतो. पीएचपी, एफटीपी आणि क्रॉन, तिघांचाही यूमास्क ००७ करा, नाहीतर ग्रुपचा लिहिण्याचा हक्क गळतो. कोडमध्ये मोड ०७७०. त्यानंतर कोडातून सीएचमॉड ०७७० मात्र लावू नका, तो २ उडतो आणि महिनाभराने पुन्हा तेच रडगाणं.

चोपडा:
सुरुवातीचं शून्य गळतं त्याचं काय, दादा? परवानगीचा आकडा अष्टमानात, म्हणजे ० ते ७ अंकांच्या पद्धतीत असतो, आणि ते सुरुवातीचं शून्यच सांगतं. पीएचपीत नुसतं ७७७ लिहिलं की ते दशमान धरलं जातं. अष्टमानात ते होतं १४११. फोल्डर बनतं, पण मालकाला फक्त वाचायचा हक्क, त्यात फाइल टाकता येत नाही. नवी मुलं इथेच अडकतात आणि वैतागून सीएचमॉड ०७७७ मारून मोकळी होतात. पायथन ३ मध्ये ०ओ७०० असंच लिहावं लागतं, ०७०० लिहिलं की सिंटॅक्स एरर, त्यामुळे चूक लगेच कळते. पीएचपी गप्प बसतं.

धुळे:
ग्रुपची युक्ती पटली. पण माझे निम्मे गिऱ्हाईक शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांच्या साइट एकाच सर्व्हरवर) आहेत, तिथे ग्रुप बनवायचा अधिकार कुठे असतो?

जळगाव:
तिथे तर गरजच नाही. बहुतेक ठिकाणी पीएचपी तुमच्याच खात्याच्या यूजरने चालतं, ०७०० पुरतं. सूएक्झेक (स्क्रिप्ट खातेदाराच्या यूजरने चालवणारी अपाचे वेब सर्व्हरची सोय) असेल तर स्क्रिप्टचं फोल्डर इतरांना लिहिता येतंय असं दिसताच तो स्क्रिप्ट चालवायलाच नकार देतो. ०७७७ ने काम सुरू होण्याऐवजी बंद पडतं.

चोपडा:
आणि ०७०० केलं म्हणून निर्धास्त राहू नका. वेब सर्व्हर त्याच यूजरने चालत असेल तर लिंक माहीत असलेल्याला आधारचा फोटो ब्राउझरमध्ये उघडतो. हे फोल्डर पब्लिक एचटीएमएलच्या (वेबवरून थेट उघडणाऱ्या फोल्डरच्या) बाहेरच हवं, आणि फाइल द्यायची ती लॉगिन तपासून, कोडमधून.

धुळे:
बाहेर ठेवणं मान्य, नव्या कामात मोडही बदलतो. चालू हंगामात जुन्या सर्व्हरला मात्र हात लावणार नाही. शेतकऱ्याची पावती अडली तर त्याला काय सांगू?

भुसावळ:
हंगाम संपल्यावर करा, पण सीएचमॉडला आर (आतल्या सगळ्यांना लागू करणारा पर्याय) लावून सरसकट एकच आकडा मारू नका. ०७७० मारलात तर फोटोंनाही एक्झिक्यूटचा हक्क मिळेल, ०६६० मारलात तर फोल्डरमध्ये शिरताच येणार नाही. फाइंड या शोधायच्या आज्ञेने आधी फक्त फोल्डर निवडा, त्यांना ०२७७०. मग फाइली, त्यांना ०६६०. त्याआधी चोनने (मालकी बदलायच्या आज्ञेने) ग्रुप लावून घ्या.