अनुदान आहे, पण गच्ची कोणाची?

सामान्य लोकांनी एकत्र येऊन सौर-पवन वीज तयार करावी, त्यासाठी ‘जर्मनीसारखा कायदा करा, लोक आपोआप पुढे येतील’ हे तुमचं म्हणणं अर्धंच पटलं. तिथे २००० च्या कायद्याने अशा विजेला २० वर्षं ठरलेला दर मिळायचा, म्हणून सहकारी संस्थांना कर्ज मिळणंही सोपं गेलं. २०१७ मध्ये पवनऊर्जेसाठी लिलाव आले, म्हणजे कमी दर मागेल त्याला प्रकल्प. नागरिकांच्या कंपन्यांना सवलत ठेवली : परवाना नंतर आणा, उभारणीला जास्त मुदत घ्या. झालं काय, तर पहिल्याच फेरीत ९० टक्क्यांहून जास्त क्षमता ‘नागरिकां’च्या नावे गेली आणि त्यातल्या बऱ्याच कंपन्यांमागे व्यावसायिक विकासकच निघाले. सहकाराच्या नावाखाली काय काय चालतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको!

आपला अडथळा निराळा. छतावरच्या सौर पॅनेलसाठी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आहे; तिच्यात स्वतंत्र घराला जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान. सोसायटीला सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,०००. म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत तेवढ्यासाठी दोन सभा गाजल्या. वरच्या मजल्यावरचे म्हणाले गच्ची गळेल, तळमजल्यावरचे म्हणाले आम्ही लिफ्ट वापरतच नाही. अखेर पॅनेल बसली, सामाईक बिल उतरलं; माझ्या घरच्या मीटरला मात्र काडीचाही फरक नाही.

डेन्मार्कने २००९ पासून काही वर्षं पवनचक्की उभारणाऱ्यावर सक्ती केली होती : ४.५ किलोमीटरच्या आतल्या रहिवाशांना प्रकल्पाच्या मालकीत किमान २० टक्के हिस्सा आधी विकत देऊ करा. आम्हा बिनगच्चीवाल्यांना असा हिस्सा हवाय.