व्हॅटिकनला जाऊन आलात? अनुभव सांगा

ऑक्टोबरात रोमला चाललोय. हातात तीन दिवस, सोबत सासू-सासरे. सासूबाईंचे गुडघे आणि सासऱ्यांचा ‘पहाटे उठून रांग लावू’ हा बाणा, दोन्ही सांभाळून व्हॅटिकनचा दिवस बसवायचाय. अर्धा चौरस किलोमीटरही नसलेला देश, दोन तासांत उरकेल असं मला वाटत होतं. पण ज्याला विचारावं तो हसतोय. जाऊन आलेल्यांनी लिहा. काय फसलं ते आधी लिहा.

*

आमचा रविवार फसला. म्युझियम रविवारी बंद असतं, हे मला बंद दारासमोर उभं राहिल्यावर कळलं. महिन्याच्या शेवटच्या रविवारी उघडं असतं, तेही फुकट, पण साडेबारानंतर आत घेत नाहीत आणि गर्दी आषाढीची. पैसे वाचवायला तो दिवस धरू नका. पोप रोममध्ये असले की रविवारी दुपारी बारा वाजता संत पीटरच्या चौकावरच्या खिडकीत प्रार्थनेला येतात, ते मात्र आम्हाला आयतं मिळालं.

*

वेगळा व्हिसा लागत नाही, इटलीसाठी काढलेला शेंगेन पुरतो. चौकात शिरताना पासपोर्टवर शिक्काही नाही. आमचे बाबा त्यावर अजून नाराज आहेत.

*

आमची गोष्ट अडकित्त्याची. आई सुपारीशिवाय घराबाहेर पडत नाही. म्युझियमच्या तपासणीत पिशवी यंत्रातून गेली, पलीकडच्या माणसाने पितळी अडकित्ता काढून उलटसुलट केला आणि सहकाऱ्याला बोलावलं. मी खाणाखुणा करतेय, आई मराठीत समजावतेय, ‘अरे बाळा, सुपारी फोडायला आहे.’ शेवटी सामानघरात जमा करून बिल्ला घ्यावा लागला. सुरी, कात्री, असलं काहीही आत नेता येत नाही.

पुढे खरी गंमत. नकाशांच्या दालनातून (लांबी १२० मीटर, चालत राहा!) सिस्टाइन चॅपलपर्यंत पोचेतो आईचे पाय गेले होते. तिथे भिंतीलगत बाक आहेत. एक जागा रिकामी झाली तशी तिला बसवलं. फोटो काढायचे नाहीत, बोलायचं नाही. रखवालदार मधूनमधून ‘सिलेन्त्सियो’ म्हणून दटावतो. मायकेलअँजेलोने ते छत १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं रंगवलं, असं मी तिच्या कानात पुटपुटले. ती वर बघत म्हणाली, ‘त्याची मान कशी राहिली असेल?’ वीस मिनिटं हलली नाही.

मग बाहेर पडून तटाच्या कडेकडेने चालत संत पीटरच्या चौकात आलो, बॅसिलिकाच्या (तिथल्या मोठ्या चर्चच्या) रांगेत पाऊण तास काढला, आणि आईला अडकित्ता आठवला. म्युझियमचं दार देशाच्या दुसऱ्या बाजूला. पुन्हा तेवढंच चालणं, पुन्हा परत, पुन्हा रांग. देश लहान आहे, पण त्याला बाहेरून वळसा घालून बघा!

*

वसईहून लिहितोय. आम्ही धर्मग्रामातल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, लोकांसोबत फादरांबरोबर गेलो होतो. परमगुरूंना (पोपना) बघायचं असेल तर बुधवार धरा. सकाळी चौकात सार्वजनिक भेट असते. जुलैत सहसा नसते. पास फुकट असतात, कोणी पैसे मागितले तर पुढे चला. आमचे पास आदल्या दुपारी कांस्यद्वारापाशी स्विस गार्डांनी (पोपच्या पहारेकऱ्यांनी) दिले. टोपी न्या, खुर्च्या उन्हात असतात. त्या सकाळी बॅसिलिकात जायचा बेत मात्र ठेवू नका, भेट आटपेपर्यंत आत सोडत नाहीत.

आमच्या वसईचे गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीत हुतात्मा झाले, १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संत घोषित केलं. त्या चौकात आमच्या आजीने ते नाव मोठ्याने घेतलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या जपानी बाई वळून बघायला लागल्या.

*

बॅसिलिकाच्या घुमटाबद्दल. पायऱ्या ५५१. लिफ्टचं तिकीट काढलं तरी ३२० चढाव्या लागतात, लिफ्ट फक्त गच्चीपर्यंत जाते. वरच्या टप्प्यात भिंतच घुमटाबरोबर कलते, आपणही तिरके होऊन चढतो, आणि मधून मागे फिरायची सोय नाही. गुडघेवाल्यांनी नाद सोडावा.

*

कपडे! खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, बायकांचे आणि पुरुषांचेही. माझ्या नवऱ्याला बर्म्युडावर अडवलं, समोरच्या फेरीवाल्याकडून घेतलेली फुलाफुलांची ओढणी लुंगीसारखी गुंडाळून तो आत गेला. साडी उत्तम.

*

पोस्टकार्डं तिथूनच टाका. व्हॅटिकनची तिकिटं लावलेलं पत्र व्हॅटिकनच्याच पेटीत टाकावं लागतं, रोमच्या लाल पेटीत टाकलेलं जात नाही. माझं एक अशानेच राहिलं.

*

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. बेत असा ठरतोय: मंगळवारी म्युझियम, आगाऊ बुकिंग करून, बुधवारी सकाळी चौक, बॅसिलिका गुरुवारी सकाळी सातला, म्हणजे सासऱ्यांची पहाटही साधेल. घुमटावर ते आणि मी. तेवढा वेळ सासूबाईंनी खाली काय करायचं?

*

चौकात मधला स्तंभ आणि कारंजं यांच्यामध्ये जमिनीत एक गोल दगड बसवलाय, दोन्ही बाजूंना एकेक. वास्तुकार बेर्निनीने चौकाभोवती उभारलेले २८४ खांब चार-चारच्या ओळीत आहेत. त्या दगडावर उभं राहिलं की मागचे तीन पुढच्याआड जातात आणि एकच ओळ दिसते. एक पाऊल बाजूला झालं की पुन्हा सगळे बाहेर. माझ्या सासूबाई अर्धा तास आत-बाहेर करत होत्या, आम्ही उतरलो तेव्हा चार अनोळखी लोकांना दाखवूनही झालं होतं.