गादी झिजली आहे, पण मणके जोडून घ्यावेत का?

धायरीकर
माझे थोरले बंधू ४७ वर्षांचे असून कंपनीच्या बसने रोज चाकणला जातात. चार वर्षांपासून त्यांची कंबर दुखते. पायात कळ जात नाही, मुंग्याही येत नाहीत, पण अर्धा तास बसले की टेबलावर दोन्ही हात टेकूनच त्यांना उठावे लागते. एमआरआयमध्ये शेवटची गादी झिजल्याचे दिसल्यावर एका शल्यचिकित्सकांनी स्क्रू आणि सळ्या घालून मणके जोडण्याचा सल्ला दिला आहे. फिजिओथेरपी म्हणाल, तर दहा दिवस शेक घेतला, एवढीच. शस्त्रक्रियेने दादांना बरे वाटेल की नाही, हे आधी सांगणारी एखादी खात्रीची चाचणी असते का?

अस्थिरोगतज्ज्ञ, कोथरूड
दुर्दैवाने नसते. गादीत सुई घालून तेच दुखणे उमटते का ते पाहणे, मणक्यांच्या सांध्यांत भूल देणे, कंबरेला प्लास्टर घालून आराम पडतो का ते पाहणे, हे सारे संशोधकांनी करून पाहिले आहे; परंतु यांपैकी कशावरही विसंबून रुग्ण निवडता येत नाही, असेच २०१३ च्या एका आढाव्यात दिसून आले. एमआरआयचेही तसेच आहे. कंबर अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीच्या माणसांपैकी सुमारे ८० टक्के जणांच्या गाद्या झिजलेल्या दिसतात, त्यामुळे दादांचे दुखणे त्याच गादीतून येते असे केवळ चित्रावरून म्हणता येणार नाही. मणका पुढे सरकून नस दबणे, अस्थिभंग, क्षयाने मणका ढासळणे, अशा कारणांसाठी मणके जोडणे ही निराळी गोष्ट आहे. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या आतला भाग बधिर झाला, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

सदाशिव पेठ
माझा मणका पुढे सरकला होता आणि तुळशीबागेपासून मंडईपर्यंत जातानाही पाय भरून आल्यामुळे दोनदा पायरीवर बसावे लागे. मणके जोडल्यावर पायाचे दुखणे गेले. कंबर मात्र सकाळी अजूनही आखडते. माझ्या अनुभवावरून दादांचा निर्णय घेऊ नये, कारण त्यांना पायाचा त्रासच नाही.

फिजिओथेरपिस्ट
शस्त्रक्रियेची तुलना कशाशी केली, हे पाहिल्याशिवाय तिचे यश कळत नाही. स्वीडनमध्ये २९४ रुग्णांच्या अभ्यासात (२००१) नेहमीच्या उपचारांपेक्षा शस्त्रक्रिया सरस ठरली. ब्रिटनमध्ये ३४९ रुग्णांच्या अभ्यासात (२००५) मात्र तिच्यासमोर तीन आठवडे, सरासरी ७५ तासांचा, व्यायाम आणि दुखण्याची भीती घालवणारे समुपदेशन यांचा कार्यक्रम होता. तेव्हा दोन वर्षांनंतरचा फरक अगदी किरकोळ निघाला. ब्रिटनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तर केवळ कंबरदुखीसाठी मणके जोडायचे असल्यास ते संशोधन-चाचणीतच करावे. दहा दिवसांच्या शेकाला व्यायामोपचार म्हणता येत नाही, म्हणून 'सगळे करून झाले' असे दादांच्या बाबतीत अजून मानू नये. ते धूम्रपान करतात का? तंबाखूमुळे हाड जुळून येण्यात अडथळा येतो.

धायरीकर
दिवसाला सात-आठ सिगारेटी ओढतात, आणि हे आम्हांला कोणी विचारलेच नव्हते. पुढच्या महिन्याची तारीख रद्द करून सोमवारपासून व्यायाम सुरू करायला दादा तयार झाले आहेत. वहिनींनी सिगारेटचे पाकीट आजच काढून घेतले.