जीआयएस शेवटच्या वर्षावर ढकलू नका

कुणीतरी म्हटलंय की भूगोलात मेजर करताना जीआयएस (संगणकावर नकाशे आणि ठिकाणांची माहिती हाताळायची प्रणाली) शेवटच्या वर्षी घेतलं तरी चालतं. मला नाही पटत. पहिल्याच वर्षी संख्याशास्त्र उरकून टाका (कंटाळवाणं आहे, मान्य), म्हणजे दुसऱ्या वर्षी जीआयएस आणि सुदूर संवेदन (उपग्रहाच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास) झेपतं. क्यूजीआयएस हे जीआयएसचं सॉफ्टवेअर फुकट आहे, लँडसॅट उपग्रहांची १९७२ पासूनची चित्रंही. एखाद्या मोठ्या नदीचं १९९० मधलं पात्र आणि आजचं पात्र एकावर एक ठेवून आखून बघा. अक्षांश-रेखांशाच्या रकान्यांत चुकून शून्य राहिलं, तर सगळे बिंदू आफ्रिकेजवळ गिनीच्या आखातात जाऊन पडतात! असले घोळ ऐन प्रबंधाच्या वेळी निस्तरत बसायला नकोत. मानवी भूगोल की प्राकृतिक, हे दुसऱ्या वर्षानंतर ठरवलं तरी काही बिघडत नाही.